गुरुवार चुकवायचा नाही

आपल्याकडे गुरुवार दत्ताचा. ठरलेली वेळ, ठरलेली आरती, आणि एखादा गुरुवार चुकला तर आठवडाभर चुटपुट. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन आणि तिला लागून असलेल्या मेरीलँड-व्हर्जिनियाच्या उपनगरांत सत्तर-ऐंशीच्या दशकांत अशीच चुटपुट लागणारी एक जमात होती. तिचा देव मात्र पाच जणांचा होता. एक मँडोलिन, एक बँजो, एक गिटार, एक डोब्रो आणि माणसाच्या उंचीचा उभा बास. बँडचं नाव 'द सेल्डम सीन'. नावाचा उच्चार कानाला लागतो तो 'क्वचितच दिसणारे' असा, आणि गंमत अशी की बहुधा ते दर आठवड्याला त्याच जागी, त्याच वेळी दिसत. अट एकच: तुम्ही तिथं यायचं. ते तुमच्याकडे येणार नाहीत.

पुढे जाण्याआधी बँजोबद्दलचा एक गैरसमज दूर करतो. मुंबई-कोकणात 'बेंजो पार्टी' म्हणून गणपतीच्या मिरवणुकीत जे वाजतं ते टंकलेखन यंत्रासारखी बटणं असलेलं बुलबुल तरंग, मूळचं जपानी घराण्यातलं वाद्य. इथला बँजो वेगळा. डफासारखं गोल, पडदा ताणलेलं अंग, लांब मान आणि पाच तारा. त्यातली पाचवी तार आखूड, मानेच्या अर्ध्यातून निघणारी. सतारीची चिकारी जशी मधूनमधून झणकारून स्वर भरते, तशी ही तार सतत झणकत राहते. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या चढवून त्या पाच तारांवर जी अखंड धार सोडायची, ती 1945 च्या डिसेंबरात अर्ल स्क्रग्ज नावाच्या तरुणानं बिल मन्रोच्या बँडमध्ये येऊन सोडली. मन्रो केंटकीचा. त्याच्या बँडचं नाव 'ब्लू ग्रास बॉइज', त्यावरून त्या संगीताला ब्लूग्रास म्हणू लागले. ढोल नाही, ताशा नाही. लयीचं सगळं ओझं बासवर आणि मँडोलिनवर: बासनं सम धरायची, मँडोलिननं उलट मात्रेवर तारा दाबून कोरडा 'चक' द्यायचा. वर दोन-तीन गळ्यांचा एकमेकांत बसलेला मेळ, आणि मेळात सर्वांत वरचा, जवळजवळ फाटेल असा पुरुषी आवाज.

हे डोंगरी संगीत राजधानीत आलं कसं, याचं उत्तर स्थलांतरात आहे. अ‍ॅपलेशियन डोंगररांगांतून, कोळशाच्या खाणी आणि तुटपुंजी शेती सोडून, महायुद्धाच्या काळात आणि नंतर माणसं वॉशिंग्टन-बाल्टिमोर पट्ट्यात कामाला आली. गोद्या, कारखाने, सरकारी कचेऱ्या. गिरणगावात कोकणी-घाटी माणसाबरोबर भजनी मंडळं आणि तमाशा आला, तसा यांच्याबरोबर बँजो आला आणि बारमध्ये वाजू लागला. वॉशिंग्टनच्या 'डब्ल्यूएएमयू' या रेडिओ केंद्रावर 1967 पासून ब्लूग्रासचे कार्यक्रम सुरू झाले. वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर रॉबर्ट बर्ड स्वतः फिडल वाजवत. सभागृहातल्या खुर्चीवरून उठून त्यांनी 1978 मध्ये चक्क फिडलची तबकडी काढली! तेव्हा ऐकणारे दोन प्रकारचे. एकांच्या रक्तात हे गाणं होतं, दुसऱ्यांनी ते कॉलेजात लोकसंगीताच्या लाटेत शोधून काढलं होतं. पहिले हसत-खिदळत ऐकणारे, दुसरे माना खाली घालून. या दोघांना एका टेबलाशी बसवणारा बँड अजून व्हायचा होता.

तो झाला 1971 मध्ये, मेरीलँडमधल्या बेथेस्डा गावात, बेन एल्ड्रिजच्या घराच्या तळघरात. एल्ड्रिज बँजो वाजवायचा आणि पेशानं गणिती होता. गिटार आणि मुख्य गळा जॉन स्टार्लिंगचा, तो वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयात डॉक्टर. उभा बास टॉम ग्रेकडे, तो 'नॅशनल जिओग्राफिक'मध्ये नकाशे काढायचा. डोब्रो माइक ऑल्ड्रिजचा, तो वृत्तपत्राचा जाहिरात-चित्रकार. आणि मँडोलिनला जॉन डफी. हा एकटा आधीपासूनचा नावाजलेला. 1957 मध्ये सुरू झालेल्या 'कंट्री जंटलमेन'चा तो आधारस्तंभ होता. 1969 मध्ये तो बँड सोडून आर्लिंग्टनमध्ये वाद्यं दुरुस्त करत बसला होता. विमानात बसायला त्याचा ठाम नकार, आणि गावोगाव बस हाकत फिरण्याचा त्याला उबग आलेला.

पाचही जणांचं एकमत होतं ते वाजवण्यावर नाही, न फिरण्यावर. आठवड्यातून एक रात्र, पत्त्यांच्या अड्ड्यासारखी. नोकरी सोडायची नाही. असं म्हणतात की डफीच्या जुन्या बँडमधल्या चार्ली वॉलरनं ही बातमी ऐकून टोमणा मारला: म्हणजे तुम्ही लोकांना क्वचितच दिसणार म्हणा की! टोमण्याचंच नाव झालं. 'दिसलेला' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग फिरवून त्याचा 'माहोल' केला, इतकंच.

या हौशीपणाचा परिणाम मला फार महत्त्वाचा वाटतो. पोटासाठी वाजवणाऱ्या बँडला रोज नव्या गावी तीच दहा हुकमी गाणी वाजवावी लागतात. प्रेक्षक नवा, म्हणून गाणी जुनी चालतात. या पाच जणांचं गणित उलटं झालं. प्रेक्षक तेच, म्हणून गाणी बदलणं भाग. गेल्या गुरुवारी ऐकलेली चीज या गुरुवारी तशीच वाजली तर तिसऱ्या टेबलावरचा माणूस ओळखणार. म्हणून ते मन्रोच्या ठेवणीतल्या चिजांबरोबर जेम्स टेलरचं गाणं घेत, एरिक क्लॅप्टनच्या गाण्यांना ब्लूग्रासच्या पंगतीत बसवत. पहिल्या वर्षा-दोन वर्षांत 'अ‍ॅक्ट वन', 'अ‍ॅक्ट टू', 'अ‍ॅक्ट थ्री' अशा तीन तबकड्या निघाल्या, नाटकाच्या अंकांसारख्या. जुन्या वळणाच्या काही श्रोत्यांना हे पटलं नाही. शिवाय यांच्यात फिडल नव्हतं. ब्लूग्रास आणि फिडल नाही म्हणजे कीर्तन आणि टाळ नाही! त्या जागी ऑल्ड्रिजचा डोब्रो.

डोब्रोवर थोडं रेंगाळायला हवं, कारण मराठी कानाला या बँडचं दार तिथून उघडतं. हे लाकडी गिटारच, पण पोटात अ‍ॅल्युमिनियमची पातळ वाटी बसवलेली. तारांचं कंपन त्या वाटीतून मोठं होऊन बाहेर येतं. वाद्य पालथं नव्हे, उताणं धरायचं आणि डाव्या हातातल्या पोलादी कांबीनं तारांवरून घसरायचं. अर्थात मींड. दोन स्वरांमधली जागा पडद्यांनी तोडलेली नाही, ती वादकानं भरायची. ऑल्ड्रिजचे मामा एल्सवर्थ कझन्स 1928 मध्ये जिमी रॉजर्सच्या ध्वनिमुद्रिकांवर स्टील गिटार वाजवत, म्हणजे वारसा घरचाच. पण या वाद्याकडून आधी लोक विनोदी घसरगुंड्या आणि रडका सूर यांची अपेक्षा करत. ऑल्ड्रिजनं ते शांत केलं. स्वर नेमका गाठायचा, तिथं क्षणभर थांबायचं, मग सोडायचं. गायकाची ओळ संपते तिथल्या श्वासाएवढ्या जागेत तो तीन स्वर टाकून जाई.

आणि त्याच्या शेजारी डफी. हा अगदी दुसऱ्या टोकाचा. वडील ऑपेरात गाणारे. पोराचा आवाज तेवढाच ताकदीचा, पण नेला डोंगराकडे. दांडगा देह, माथ्यावर सपाट कापलेले केस, डोळ्यांत भरणारे शर्ट आणि ढगळ विजारी. मँडोलिनचा फराटा ओढताना चुकण्याची त्याला भीती नव्हती, आणि तो चुकायचाही. दोन गाण्यांच्या मधल्या वेळात तो प्रेक्षकांशी, प्रेक्षक त्याच्याशी भांडत. कुणी ओरडून फर्माईश केली की तिची यथेच्छ टर उडवली जाई. ज्याची उडे तो आठवडाभर ती मिरवत असे. हा संवाद तमाशातल्या सोंगाड्याच्या जातीचा. बोलण्यानं हसवायचं, आणि हसू ओसरायच्या आत असा सूर लावायचा की त्याच माणसाच्या अंगावर काटा यावा. वरचा गळा डफीचा, मधला मुख्य स्टार्लिंगचा, खालचा ऑल्ड्रिजचा. स्टार्लिंगचा आवाज मऊ, कसलाच आव नसलेला. त्या मऊ आवाजावर डफीची धार बसली की जे व्हायचं, त्यासाठी लोक येत.

पहिला स्थिर मुक्काम बेथेस्डातल्या 'रेड फॉक्स इन'मध्ये, 1972 पासून काही वर्षं. जागा चिंचोळी, गर्दी दाट. मग पोटोमॅक नदीपलीकडे व्हर्जिनियात 'बर्चमिअर'. हे मुळात 1966 मध्ये आर्लिंग्टनमध्ये उघडलेलं साधं जेवणाचं हॉटेल. मालक गॅरी ओल्झी केंटकीचे. हॉटेलात त्यांनी गाणं आणलं, आणि मग एक अशी गोष्ट केली जी बारच्या धंद्यात आत्मघात समजली जाते: गाणं चालू असताना बोलू नये, असा नियम. टेबलांवर तशी विनंती लिहून ठेवलेली. बिअर मागवा, कोंबडी खा, पण गप्प. 1981 मध्ये बर्चमिअर अलेक्झांड्रियात गेलं, 1997 मध्ये सध्याच्या 500 आसनांच्या जागी. नियम बरोबर गेला.

गप्प बसणं म्हणजे थिजून बसणं नव्हे. ब्लूग्रासमध्ये गायकाचं कडवं झालं की एकेका वादकाची फेरी येते, तिला ते 'ब्रेक' म्हणतात. फेरी संपता संपता टाळी पडते आणि गाणं न थांबता पुढे सरकतं. तबल्याच्या तुकड्याला समेवर जी दाद जाते तीच ही. नवखा श्रोता गाणं संपल्यावर टाळ्या वाजवतो, सरावलेला फेरीच्या शेवटच्या मात्रेवर. दर गुरुवारच्या गर्दीला हे आपोआप आलं. त्यांना ठाऊक असे की एल्ड्रिज या गाण्यात सहसा कुठून शिरतो, म्हणून तो दुसरीकडून शिरला की टाळी आधीच पडे. वादकालाही कळे की चोरी पकडली गेली. मराठी नाटकातला 'वन्समोअर' गायकाला मागे खेचतो. ही टाळी पुढे ढकलते. त्यात एक सौजन्यही आहे, कारण टाळीच्या आवाजात पुढच्या वादकाचे पहिले स्वर बुडू नयेत म्हणून ती लगेच आवरती घ्यावी लागते.

याचा पुरावा तबकडीवर आहे. 27 आणि 28 डिसेंबर 1974 ला जॉर्जटाऊनमधल्या 'सेलर डोअर' या छोट्या क्लबात बँडच्या दोन रात्रींचं ध्वनिमुद्रण झालं आणि पुढच्या वर्षी 'लाइव्ह अ‍ॅट द सेलर डोअर' बाहेर आली. स्टुडिओतल्या तबकड्या नीटस आहेत. ही नीटस नाही आणि म्हणूनच त्यांचं खरं काम. मन्रोच्या 'रॉहाइड'मध्ये डफी मँडोलिनवर तुटून पडतो. 'मडी वॉटर' ज्या फिल रोझेन्थलनं लिहिलं तो 1977 मध्ये स्टार्लिंग डॉक्टरकीसाठी बाहेर पडल्यावर बँडचा गायक झाला. आणि शेवटचं 'रायडर', ज्यात वादक एकामागून एक मैदानात उतरतात. मी ही तबकडी बँडइतकीच गर्दीसाठी ऐकतो.

थोर गायिकाही या गर्दीत मिसळत. एमिलू हॅरिस तेव्हा वॉशिंग्टनच्याच परिसरात धडपडत होती; लिंडा रॉन्स्टॅट गावात आली की या मंडळींच्या घरी गाण्यांच्या बैठका झडत. 1986 मध्ये पंधराव्या वाढदिवसाचा जलसा केनेडी सेंटरमध्ये झाला, झुंबरांच्या सभागृहात. विसाव्याचा मात्र, 1991 मध्ये, बर्चमिअरला घरीच.

माणसं बदलत गेली. 1987 मध्ये ग्रे गेला. 1995 च्या अखेरीस ऑल्ड्रिज आणखी दोघांसह पूर्णवेळ दुसरा बँड करायला बाहेर पडला; न फिरण्याचा नियम शेवटी त्यालाच काचला असावा. डफी आणि एल्ड्रिज दोघेच उरले. डडली कॉनेल, फ्रेड ट्रॅव्हर्स, रॉनी सिम्पकिन्स असे तिघे घेऊन त्यांनी डाव पुन्हा मांडला. जेमतेम वर्ष झालं, आणि 10 डिसेंबर 1996 ला डफी हृदयविकारानं गेला. ज्याच्या तोंडासाठी आणि गळ्यासाठी लोक येत तो माणूसच नाही म्हटल्यावर बँड मिटायला हवा होता. जुना सहकारी लू रीड मँडोलिन घेऊन परत आला, आणि तो मिटला नाही. 2014 मध्ये ब्लूग्रासच्या हॉल ऑफ फेममध्ये 'सेल्डम सीन'चं नाव लागलं.

इतक्या बदलांत मूळ पाचांपैकी एकच माणूस जागचा हलला नाही: गणिती बेन एल्ड्रिज. तो सहसा गात नसे. विनोद करणं डफीकडे, मेळ धरणं इतरांकडे. हा कडेला बँजो धरून उभा. आपली फेरी आली की माईकपाशी यायचा, ती भन्नाट धार सोडायचा आणि टाळी पूर्ण पडायच्या आत मागे सरकायचा. त्याचा मुलगा ख्रिस पुढे 'पंच ब्रदर्स'चा गिटारवादक झाला. बेन 2016 पर्यंत, म्हणजे 45 वर्षं, याच बँडमध्ये असाच येत आणि मागे सरकत राहिला. एप्रिल 2024 मध्ये तो गेला तेव्हा बँड कार्यक्रम करतच होता, आणि त्याच्या जागी उभा राहिलेला बँजोवादक फेरी संपवून तसाच मागे सरकत होता.