डोंगरातली वाट कुठून जाणार, हे कोण ठरवतं?



गेल्या पावसाळ्यात आपल्या प्रभागातल्या एका गावात एक गोष्ट घडली. गावाच्या वरच्या अंगाला धबधबा आहे. तिथं जायला पर्यटकांना सोपं पडावं म्हणून कुणीतरी दगडांवर पांढरे बाण रंगवले. बाणांची वाट नेमकी पाणवठ्याच्या बाजूने गेली. त्या पाणवठ्यावर बायका धुणं धुतात, लेकीबाळी अंघोळ करतात. झालं! दर रविवारी सकाळी सातपासून तिथं माणसांचे तांडे आणि हातात मोबाईल. बायकांना धुणं पहाटे पाचला उरकावं लागू लागलं. चौकशी केली तर उत्तर मिळालं, “सगळ्यांना विचारून केलंय.” हे सगळे म्हणजे कोण? पारावर बसलेले पाच जण. त्यांच्यातला एकही कधी पाणवठ्यावर धुणं घेऊन गेलेला नाही.

ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत हा विषय निघाला, तेव्हा एक ताई म्हणाल्या, “वाट ठरवायला पण समिती असते का हो?” असते. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

डोंगर चढायची पायवाट, सायकलवाट किंवा खाडी-नदीतून होडीने जायची जलवाट, या वाटा आखताना स्थानिक माणसांचा एक सल्लागार गट नेमण्याची पद्धत जगात बऱ्याच ठिकाणी आहे. हे लोक पगारी नसतात. वाट कुठून न्यावी, कुठून नेऊ नये, कधी बंद ठेवावी, दुरुस्ती आधी कुठली करावी, हे ते खात्याला लेखी सांगतात. शेवटचा निर्णय खात्याचा किंवा पंचायतीचाच असतो, गटाचा नाही. पण सल्ला कागदावर असला की “आम्हाला कुणी सांगितलंच नाही” असं म्हणायला जागा राहत नाही.

अमेरिकेत तर हे कायद्यातच लिहिलं आहे. तिथं १९६८ मध्ये राष्ट्रीय वाटांचा कायदा झाला. मोठी राष्ट्रीय वाट ठरली की तिच्यासाठी सल्लागार मंडळ नेमायचं, त्यात जास्तीत जास्त ३५ सदस्य घ्यायचे, त्यांना मानधन नाही, फक्त खर्च द्यायचा, अशी तरतूद त्यात आहे. आणि ज्यांच्या जमिनीतून वाट जाते त्यांचाही प्रतिनिधी मंडळात हवा! नंतर वाटांसाठी राज्यांना निधी देण्याची एक योजना आली. तिची अट मला फार आवडली. राज्यात सल्लागार समिती पाहिजे, तिच्यात पायी चालणारे, सायकलवाले यांच्याबरोबर मोटारगाड्या नेणारेही पाहिजेत, आणि वर्षातून एकदा तरी तिची बैठक झालीच पाहिजे. नाहीतर राज्याला निधी नाही. आपल्याकडे कित्येक समित्या फक्त फलकावर असतात. त्यांना अशी अट लावली तर काय होईल, विचार करा.

त्याच देशात ॲपलाचियन नावाची एक पायवाट आहे. १४ राज्यांतून जाते, लांबी साधारण साडेतीन हजार किलोमीटर. बेंटन मॅके नावाच्या माणसाने १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली आणि १९३७ मध्ये ती सलग झाली. आजही तिची झाडझूड, दगड बसवणं, पडलेली झाडं हटवणं ही कामं तीसेक स्थानिक मंडळं वाटून घेतात. ज्याच्या वाट्याला जेवढा पल्ला, तेवढा त्याने सांभाळायचा.

आता तुम्ही म्हणाल, ते शिकलेले, पैसेवाले लोक. आम्हाला वाट आखण्यातलं काय कळतं? कळतं, आणि चांगलं कळतं. ज्या बायका रोजगार हमीवर सलग समतल चरांच्या कामाला गेल्या आहेत, त्यांना ए फ्रेम धरता येते. डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवर आडवी रेषा कशी काढायची, हे त्यांच्या हाताला माहीत आहे. चांगल्या पायवाटेचं गणित त्याच्याच शेजारचं आहे.

वाटेचा खरा वैरी माणसाचा पाय नाही, पाणी आहे. वाट डोंगरावर सरळ नाकासमोर चढवली की पहिल्याच पावसात पाणी तिच्यातून धावतं. दुसऱ्या वर्षी ती वाट राहत नाही, ओहोळ होतो. मग लोक ओहोळाच्या कडेने चालतात, कडेचं गवत तुडवतात, तीही माती जाते, आणि तीन-चार वर्षांत एका वाटेच्या जागी चार घळी दिसतात. सह्याद्रीच्या कुठल्याही गर्दीच्या गडावर जाऊन बघा. म्हणून वाट आखणारे जाणकार एक निम्म्याचा नियम पाळतात. डोंगराचा उतार शंभर फुटांना चाळीस फूट असेल, तर त्याच्या अंगावरून जाणाऱ्या वाटेचा चढ वीस फुटांपेक्षा जास्त नको. त्याहून जास्त झाला की पाणी वाट ओलांडून खाली जायचं सोडून वाटेतूनच पळायला लागतं. पूर्ण वाटेचा सरासरी चढ दहा फूट चाललो तर एक फूट, एवढाच ठेवायचा. आणि वाट थोडीशी दरीकडे कलती ठेवायची, तीन फुटी वाटेला साधारण दोन इंच, म्हणजे पाणी वाटेवर न थांबता कडेने उतरून जातं. आपल्या गुरांच्या वाटा बघा. डोंगराला आडव्या, हळूहळू चढत जाणाऱ्या. गुरांना नियम कुणी शिकवला नाही, पण दम लागू नये म्हणून ती बरोबर तसंच चालतात.

सायकलवाटेचं थोडं वेगळं. उतारावर करकचून ब्रेक लावला की चाक माती ओरबाडतं, म्हणून वळणाच्या आधी उतार कमी करावा लागतो. वळणापलीकडचं माणूस दिसलं पाहिजे. आणि समोरासमोर आले तर आधी कुणी थांबायचं, हेही ठरलेलं असावं. बहुतेक ठिकाणी सायकलवाल्याने पायी चालणाऱ्याला वाट द्यायची असा नियम असतो. आपल्या गावच्या गटाने त्यात आपली एक ओळ घालावी: डोक्यावर मोळी किंवा हंडा असलेल्या बाईला सगळ्यांनी आधी वाट द्यायची.

जलवाट म्हटलं की काहींना वाटतं, ती काय पाण्यातच असते, त्यात आखायचं काय? पण होडीत चढायची-उतरायची जागा लागते. भरती-ओहोटीची वेळ लागते. मासे धरायला कुठे जाळी लावलेली असतात, तिसऱ्या आणि कालवं काढायला बायका कुठे बसतात, पक्षी कुठे घरटी करतात, हे माहीत लागतं. हे बाहेरचा माणूस नकाशात बघून सांगू शकणार नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या ताई पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. या ताई मासेमारी करणाऱ्या घरांतल्या आहेत. होडी वल्ह्यांनी चालवतात, त्यामुळे इंजिनाचा आवाज नाही, तेल सांडणं नाही. कुठल्या वेळी खाडीत शिरायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं ज्ञान आहे. सरकारच्या कांदळवन संवर्धन व उपजीविका योजनेत गावागावांत कांदळवन सहव्यवस्थापन समित्या नेमल्या जातात. किनाऱ्यावरच्या मैत्रिणींनी आपल्या गावात अशी समिती आहे का, आणि त्यात आपल्यातलं कोण आहे, हे आधी विचारावं. या योजनेत गटाने काम घेतलं तर ९० टक्के खर्च योजनेतून मिळतो आणि १० टक्के गटाने घालायचा असतो.

डोंगरातल्या गावांनी काय करायचं? नवीन समितीच काढायची असं नाही. वनखात्याच्या जमिनीतून वाट जात असेल तर गावात बहुधा संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते. अभयारण्याला लागून गाव असेल तर ग्राम परिस्थितिकीय विकास समिती असते. काही ठिकाणी हीच समिती पर्यटकांकडून प्रवेश शुल्क घेते. जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिथं तर त्या जंगलाचं व्यवस्थापन ग्रामसभेच्याच हातात आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला ते २००९ मध्येच मिळाले. तेव्हा आधी हे शोधा: आपल्या गावात यातली कुठली समिती आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त कुठे आहे, आणि महिला सदस्य म्हणून कुणाची नावं आहेत. नाव असतं एका बाईचं आणि सही करायला घरी कागद येतो, असा प्रकार अजून चालतो, कशाला खोटं बोला! त्या सख्यांना दोष देऊ नका. त्यांना बैठकीला सोबत घेऊन जा.

या समितीत किंवा तिच्याखाली सात-आठ जणांचा वाट गट करता येतो. त्यात कोण असावं, याचा मात्र नीट विचार करा. गुराखी हवा. सरपणाला आणि रानभाज्यांना जंगलात जाणारी बाई हवी. वाटेच्या कडेला जिचं शेत आहे तीही हवी, भले ती वाटेच्या विरोधात असली तरी. विरोधातल्या माणसाला बाहेर ठेवलं की तो वाटेवर काट्या टाकतो, हे आपण रस्त्यांच्या बाबतीत पाहिलेलं आहे. चहा-नाश्त्याचा गाडा चालवणारी ताई असू दे, पण गटात सगळ्याच जणी धंदेवाल्या नकोत. ज्यांना गर्दीतून पैसा मिळतो, त्यांना गर्दी कधीच जास्त वाटत नाही.

गर्दीचा विषय निघालाच आहे तर सांगते. अकोले तालुक्यातलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच, राज्यात सगळ्यात उंच. बारी गावातून वर जाणाऱ्या वाटेवर अवघड जागी लोखंडी शिड्या बसवल्या आहेत. शिडी झाली की म्हातारी माणसं, लहान लेकरंही देवीपर्यंत पोचतात, हे चांगलंच. पण शिडीवर एका वेळी किती माणसं, आणि सुट्टीच्या दिवशी खाली किती जणांना थांबवायचं, हा हिशेब शिडी बसवणारा लोहार करत नाही. तो वाट गटाने सांगायचा असतो. त्याच भागात भंडारदऱ्याकडे पावसाच्या तोंडावर काजवे बघायला झुंबड उडते. गाड्यांच्या दिव्यांनी आणि झाडाखालच्या तुडवातुडवीनं काजव्यांचीच पंचाईत होते, म्हणून वनखात्याला तिथं निर्बंध घालावे लागले. वाट उघडण्याइतकंच ती काही दिवस बंद ठेवणं हाही सल्ल्याचाच भाग आहे.

आता पैशाचं. घरगुती निवास, जेवण, वाटाड्याचं काम, होडी यातून आपल्या गटांना उत्पन्न मिळू शकतं. राज्याच्या पर्यटन विभागाचं २०२३ पासून ‘आई’ नावाचं महिलांसाठीचं धोरण आहे. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या बँक कर्जावर १२ टक्क्यांच्या मर्यादेत व्याजाचा परतावा मिळतो. पण पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते, आणि कामावर निम्म्या तरी महिला असाव्या लागतात. लक्षात ठेवा, परतावा व्याजाचा आहे, मुद्दल आपल्यालाच फेडायचं आहे. पावसाळ्यातले तीन महिने धंदा आणि नऊ महिने हप्ते, हे गणित आधी वहीत मांडा. कड्यावर दोर लावणं, झिपलाईन असले साहसी खेळ कुणी गावात आणत असेल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे त्याची नोंदणी असली पाहिजे. नोंदणीचा कागद बघितल्याशिवाय ना हरकत देऊ नका.

आणि हे सगळं मांडायचं कुठे? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आपल्याकडे आहे. तिथं ठराव करा, नंतर ग्रामसभेत तो वाचून घ्या आणि इतिवृत्तात आल्याची खात्री करा. “पर्यटनाचा विकास व्हावा” असा गुळमुळीत ठराव उपयोगाचा नाही. पाणवठ्यापासून वाट किती हात लांब, देवराईत शिरायचं की बाहेरून जायचं, संडास कुठे, गाड्या कुठे लावायच्या, कचरा कोण आणि कुठल्या पैशातून नेणार, शुल्काचा हिशेब कुठल्या महिन्यात फलकावर लावणार, असं एकेक लिहा.

सुरुवातीला सांगितलेल्या गावात बायकांनी तसंच केलं. आधी नऊ जणी तीन रविवार डोंगर चालल्या. पाणवठ्याच्या वरच्या अंगाने, जुन्या गुरांच्या वाटेने धबधब्यापर्यंत जाता येतं, हे त्यांनी दाखवलं. थोडं लांब पडतं, पण दम कमी लागतो. पंचायतीने ते मान्य केलं, जुने बाण खरवडून काढले. नव्या वाटेला मात्र एका शेताचा बांध आडवा येतो आणि त्या घरच्या ताई अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणं खोटं नाही, लोक शेंगा तोडतात. बांधाला कुंपण कुणी घालायचं यावर पुढच्या बैठकीत बोलणं होणार आहे.

तुमच्या गावाचा नकाशा काढायचा असेल तर पाणवठे, सरपणाच्या जागा, देवराई, बायका शौचाला किंवा अंघोळीला जातात त्या जागा आणि शाळेच्या मुलींची वाट वेगवेगळ्या रंगांनी दाखवा. चार्टपेपर आणि स्केचपेन प्रभागसंघाच्या कार्यालयात ठेवले आहेत. सीआरपी ताईंकडे सही करून घेऊन जा.