राक्षसाचा राजपुत्र, तोही डोळ्यांदेखत!

डिसेंबर उजाडला की शाळाशाळांत स्नेहसंमेलनाच्या तालमींची धावपळ सुरू होते. मुलांच्या नाटकात एखादा जादूचा प्रसंग हमखास असतो. कुठे बेडकाचा राजकुमार होतो, कुठे शिळेची अहल्या होते. हाच प्रसंग बसवायची जबाबदारी तुमच्यावर आली असेल, तर भाड्याची धुराची मशीन आणि महागडे पोशाख शोधण्याआधी थोडं थांबा. रंगमंचावरची जादू सामानापेक्षा सरावातून जास्त घडते.

उदाहरण म्हणून ‘ब्यूटी अँड द बीस्ट’ घेऊ. १७४० साली प्रसिद्ध झालेली ही फ्रेंच परीकथा आज जगभरातल्या शाळांत होते. शापित राक्षस मरणासन्न पडला आहे, मुलगी त्याच्यावर माया असल्याचं सांगते आणि तो राजपुत्र होऊन उठतो. हे सगळं प्रेक्षकांसमोर, दहा-पंधरा सेकंदांत घडायला हवं.

जुन्या कलावंतांची युक्ती

झटपट रूप बदलण्याची कला जुनी आहे. जपानच्या काबुकी नाटकात ‘हिकिनुकी’ नावाची पद्धत आहे. वरचा पोशाख सैल टाके घालून अंगावर बसवलेला असतो. मदतनीस नेमक्या क्षणी दोरे ओढतो आणि आतला वेगळाच पोशाख समोर येतो. आपल्या केरळातल्या कथकलीत दोन माणसं नुसता हातात पडदा धरून उभी राहतात. त्याआडून पात्र थोडं थोडं दिसू लागतं आणि प्रेक्षकांची उत्सुकता ताणली जाते. या दोन्ही युक्त्या शाळेत सहज जमतात.

एकावर एक पोशाख

राजपुत्राचा सुती कुडता मुलाला आधीच घालून ठेवा. त्यावर राक्षसाचा झगा बिनबाह्यांचा, घोंगडीसारखा सैल आणि पुढून उघडणारा शिवा. बटणांऐवजी वेल्क्रो लावा. त्याची खरखरीत बाजू कुडत्याकडे येऊ देऊ नका, नाहीतर जरीत किंवा लेसमध्ये ती हमखास अडकते. वेल्क्रो उघडताना चर्र आवाज होतो, म्हणून त्याच क्षणी ढोलकी किंवा झांज वाजू द्या. मुखवटा अर्धाच ठेवा. नाकपुड्या आणि तोंड मोकळं हवं.

आता चार-पाच मुलांच्या हाती मोठ्या ओढण्या द्या. ती वनदेवता किंवा वारा म्हणून राक्षसाभोवती फेर धरतील. आत एक मित्र झगा उघडेल आणि मुखवटा काढून झग्यात गुंडाळेल. राजपुत्र उठला की झगा जमिनीवरच राहील. ओढण्या एकदम खाली टाकू नका. आधी हात दिसू दे, मग चेहरा.

अडकलं तर?

इशारा संगीताच्या हाती देऊ नका, आतल्या मुलाच्या हाती द्या. तो हात वर करेपर्यंत फेर चालूच राहील आणि संगीतही तेच वाजत राहील. वेल्क्रो अडकला तरी प्रेक्षकांना कळणार नाही आणि मूल घाबरणार नाही. पूर्ण पोशाखात किमान दहा वेळा हा सराव करून घ्या.

धूर आणि अंधार

सुक्या बर्फाचा धूर फार सुंदर दिसतो, पण तो म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि आपला राक्षस नेमका जमिनीवरच पडलेला असतो! बंदिस्त जागेत त्याचा श्वास कोंडू शकतो. उघड्या हातांनी हा बर्फ धरला तर त्वचाही पोळल्यासारखी होते. तो टाळाच. फटाके आणि भुईनळेही नकोत. झपाट्याने लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे फिट्सचा त्रास असलेल्या काहींना झटका येऊ शकतो. मिट्ट काळोखही नको. प्रखर उजेडातून अचानक अंधारात गेलेल्या मुलाला काहीच दिसत नाही. मंद निळा उजेड पुरतो.

रंग बदलू नका

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आता येते. अनेक नाटकांत राक्षस काळा रंगवतात आणि राजपुत्राला पावडर फासतात. वर्गातल्या सावळ्या किंवा जाडजूड मुलाला राक्षस करायचं आणि शेवटी त्याच्या जागी गोरा मुलगा उभा करायचा, असंही होतं. टाळ्या पडतात, पण त्या मुलाच्या मनात काय उरतं? शाप सुटला की आपल्यासारखा दिसणारा कुणीतरी नाहीसा होतो, एवढंच. म्हणून दोन्ही रूपं एकाच मुलाला द्या आणि चेहऱ्याचा रंग आहे तसाच राहू द्या.

मग बदल दिसणार कसा? शरीरातून. रिचर्ड मॅन्सफिल्ड या नटाने १८८७ साली बोस्टनमध्ये ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’मधली दोन्ही रूपं एकट्याने उभी केली. त्याची भिस्त चेहरा, आवाज, उभं राहण्याची ढब आणि प्रकाशयोजना यांवर होती. तुमच्या मुलालाही हेच शिकवा. राक्षस वाकून, पाय घासत चालेल आणि घशातून बोलेल. राजपुत्र आधी आपले हात निरखेल, बोटं हलवून पाहील, मग हळूहळू मान वर करेल. पहिलं वाक्य तो अगदी हलक्या आवाजात बोलेल.

आणि समोरच्या मुलीला विसरू नका. प्रेक्षक राजपुत्राआधी तिच्याकडे पाहतात. ती दचकली, दोन पावलं मागे सरली आणि डोळ्यांवरून त्याला ओळखून पुढे आली, की सभागृहातली शेवटची रांगही विश्वास ठेवते. तिला त्यासाठी पुरेसा वेळ द्या. तेवढ्या वेळात कुणी बोलू नये, संगीतही थांबावं.

पुढची तालीम झगा, मुखवटा आणि ओढण्यांशिवाय घ्या. नुसत्या शाळेच्या गणवेशात राक्षसाचा राजपुत्र झालेला ओळखू आला, तर तुमचा प्रसंग बसला. पोशाख त्यानंतर चढवा.