कुंडीतील कोरफड : पाणी देण्यापूर्वी मूळ पाहावे

परभणी जिल्ह्यातील खेड्यांत घराच्या दारावर मुळांसह उपटलेली कोरफड उलटी टांगण्याची चाल अद्यापही आढळते. माती नाही, पाणी नाही, तरी ती कित्येक महिने हिरवी राहते. त्याच घराच्या ओसरीवर कुंडीत लावलेली आणि रोज तांब्याभर पाणी मिळणारी कोरफड मात्र भर पावसाळ्यात कुजून आडवी पडते. मग तिला नजर लागली किंवा लावणाराच्या हाताला गुण नाही, असे म्हटले जाते. वास्तविक दोष हाताचा नसतो. तो कुंडीतील मातीचा आणि नको त्या वेळी दिलेल्या पाण्याचा असतो.

कोरफड, पानफुटी, निवडुंग, शेर आणि अलीकडे लोकप्रिय झालेले अडेनियम या सर्व मांसल वनस्पती आपल्या पानांत किंवा खोडांत पाणी साठवून ठेवतात. त्यांच्या बहुतेक तक्रारींचे निदान कोणत्याही उपकरणावाचून, डोळे, बोटे व नाक यांच्या साहाय्याने घरच्या घरी करता येते.

काळी माती शेतात चांगली, कुंडीत वाईट

आपल्या जिल्ह्यातील काळी जमीन कापूस, तूर, सोयाबीन व ज्वारी या पिकांना पोसते, कारण तिच्यात चिकण मातीचे सूक्ष्म कण पुष्कळ असून ती ओल दीर्घकाळ धरून ठेवते. शेतात जादा पाणी खोल झिरपते व काही दिवसांत जमिनीस वाफसा येतो. कुंडीत खोली वीतभरच असते. तळाची माती पूर्ण भिजल्याखेरीज पाणी भोकातून बाहेर पडत नाही, आणि पाणी देणे थांबल्यावरही तळाचा थर चिंबच राहतो. काळी माती फुगून तिच्यातील हवेच्या वाटा बंद होतात. अशा कुंडीस वाफसा असा येतच नाही. ती सुकते तेव्हा एकदम कडक होऊन कडांपासून सुटते, आणि मग दिलेले पाणी भेगांतून तसेच खाली निघून जाते.

मांसल वनस्पतींचा स्वभावही ध्यानात घ्यावा. बहुतेक पिके दिवसा पानांची रंध्रे उघडून हवेतील कर्बवायू घेतात. या वनस्पती मुख्यतः रात्री रंध्रे उघडतात व घेतलेला कर्बवायू आम्लाच्या रूपाने साठवतात. पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारनंतर बेचव असते, ही गोष्ट भारतात काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यांनी नोंदविली आणि ती १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. दिवसाच्या उन्हात रंध्रे मिटलेली असल्यामुळे या झाडांतून पाणी फार थोडे उडते. म्हणून मिरचीच्या किंवा तुळशीच्या हिशेबाने त्यांना पाणी देणे चुकीचे होय.

निदानाची रीत

तहानलेली कोरफड व मुळे कुजलेली कोरफड वरून पुष्कळशा सारख्याच दिसतात. दोहोंची पाने पातळ होतात, आत वळतात व सुरकुततात. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नसल्यामुळे भिजलेल्या मातीतही झाड तहानलेलेच राहते. घरची माणसे सुरकुतलेले पान पाहून आणखी पाणी घालतात आणि वाचण्याजोगे झाड त्याच दिवशी हातचे जाते. याकरिता पाणी देण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

प्रथम तुराटीची कोरडी काडी कुंडीत तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढावी. काडी कोरडी निघाली व कुंडी उचलल्यास हलकी लागली, तर झाड तहानलेले समजावे आणि भोकातून पाणी येईपर्यंत एकदा भरपूर पाणी द्यावे. काडीस ओली माती चिकटली, तर पाणी न देता झाड मातीसकट बाहेर काढावे. निरोगी मुळे पांढरट किंवा पिवळसर व घट्ट असतात. काळी, लिबलिबीत, ओढताच साल सुटणारी व घाण वास येणारी मुळे कुजलेली होत.

लक्षणे व उपाय

मुळे कुजणे : खालची पाने पिवळी, पाणचट व मऊ होतात आणि बुडाशी गळून येतात. अशा झाडाची सर्व माती झाडावी, कुजलेला भाग स्वच्छ सुरीने निरोगी गर दिसेपर्यंत कापावा आणि झाड चार-पाच दिवस सावलीत उघडे ठेवावे. जखम सुकल्यावर नव्या कोरड्या मिश्रणात लावून आठवडाभर पाणी देऊ नये. कोरफडीचे बूड पूर्ण गेले असल्यास तिच्या भोवतालची पिल्ले वेगळी करून लावावीत. तिचे नुसते पान लावल्यास ते बहुधा कुजतेच. पानफुटी मात्र पानापासून, आणि निवडुंग व शेर सुकविलेल्या तुकड्यांपासून वाढविता येतात.

पाने लालसर होणे : सावलीतील कुंडी एकाएकी उन्हात नेल्यास किंवा कडक थंडीत कोरफड तांबूस होते. हा रोग नव्हे. मे महिन्यात येथे पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा कुंडीस दुपारची सावली द्यावी. उन्हाने करपून पडलेले पांढरट कोरडे डाग भरून येत नाहीत. परंतु नवी पाने चांगली येतात.

झाड लांबट व फिकट होणे : हे प्रकाश कमी पडल्याचे चिन्ह आहे. कुंडी दहा-पंधरा दिवसांत थोडी थोडी करून सकाळच्या उन्हात आणावी.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके : हा पिठ्या ढेकूण होय. कपाशीवर व गाजर गवतावर त्याची ओळख शेतकऱ्यांना आहेच. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसल्यास या किडीचा संशय घ्यावा. कुंडी इतरांपासून वेगळी करावी, पुंजके ओल्या फडक्याने पुसावेत, सौम्य साबणाच्या पाण्याने पाने धुऊन पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवावीत. कीड पुन्हा आल्यास ५ टक्के निंबोळी अर्क सायंकाळी फवारावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळी पूड लीटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावी.

कुंडी व मिश्रण

मातीची, तळास भोक असलेली कुंडी उत्तम. भोकावर एक खापर पालथे ठेवावे. तळाशी दगडांचा जाड थर घातल्याने निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा घटते. मिश्रणात दोन भाग चाळलेला मुरूम किंवा विटांचा जाड चुरा, एक भाग माती व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असावे. भरलेल्या कुंडीत पाणी ओतल्यावर ते एक-दोन मिनिटांत खालून निघाले पाहिजे.

पावसाळ्यात कुंडी पन्हाळीखाली ठेवू नये. जून ते सप्टेंबर ती पडवीत, पण उजेडात असावी. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा व हिवाळ्यात दोन-तीन आठवड्यांतून एकदा पाणी बहुधा पुरते. तथापि अखेरचा निर्णय काडीने द्यावा.

सावधगिरी

चुलीजवळ हात पोळला की घरातील बाई प्रथम कोरफडीकडे वळते. म्हणून ही कुंडी नुसत्या शोभेची नव्हे. शेतातील कीटकनाशक तिच्यावर कदापि फवारू नये, आणि औषधाच्या किंवा रंगाच्या रिकाम्या डब्यात ती लावू नये. भाजलेल्या जागी प्रथम वीस मिनिटे थंड पाणी सोडावे. किरकोळ भाजण्यापलीकडे सर्व प्रसंगी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. कुजलेल्या झाडाचा गर कातडीस लावू नये. कोरफडीच्या सालीखालचा पिवळा रस तीव्र रेचक आहे. तो मुलांच्या व गरोदर स्त्रियांच्या पोटात जाऊ देऊ नये. शेराचा चीक डोळ्यांस अत्यंत अपायकारक असल्याने छाटणी करताना डोळे जपावेत. चीक गेल्यास डोळा भरपूर पाण्याने धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्यापूर्वी महिला मंडळाच्या किंवा शाळेच्या आवारात एक बिघडलेली कुंडी सर्वांसमक्ष उलटी करून मुळे दाखवावीत आणि मुरमाच्या मिश्रणात तिची पुनर्लागवड करावी. निघालेली पिल्ले त्याच वेळी उपस्थित घरांत वाटून द्यावीत, म्हणजे प्रत्येक घरी काडीची परीक्षा सुरू होईल.