भाजीपाल्याच्या बियांस लेप कशाचा द्यावा?

टोमॅटो, वांगी, मिरची यांचीं रोपें वाफ्यांतच कोलमडूं लागलीं, कीं बागाइतदाराचा साऱ्या हंगामाचा हिशेब चुकतो. ह्या रोगाच्या बुरशी बहुधा जमिनींतच असतात. म्हणून बीं मातींत पडण्यापूर्वींच त्याचें रक्षण करणें इष्ट होय.

बियांस लेप देणें आपणांस नवें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कठीण बियांस शेणाचा लेप सांगितला आहे, आणि सरकी शेणमातींत घोळून पेरण्याची चाल तर आपल्याकडील जुनीच आहे. अलीकडे बाजारांतील रंगीत बियांवर औषध चिकटविण्यास कृत्रिम पॉलिमर वापरतात. बीं रुजून जातें. पण त्या पापुद्र्याचे सूक्ष्म कण मातींत राहतात. युरोपीय संघानें २०२३ सालीं अशा सूक्ष्म प्लास्टिकवर निर्बंध घातले. मात्र औषध लावलेल्या बियांस २०३१ पर्यंत सवलत दिली. कारण उघड आहे. कारखान्याचा लेप पुडींत महिनोन्‌महिने टिकावा लागतो, तो झडूं नये व उगवणीसही बाधक होऊं नये. स्टार्च, डिंक, कायटोसान यांवर प्रयोग चालू आहेत, पण हें सर्व साधणें सोपें नाहीं.

शेतकऱ्यास मात्र ही अडचण नाहीं. त्यास लेप पेरणीपर्यंतच टिकवावयाचा असतो. साध्या, औषध न लावलेल्या एक किलो बियांस ५ ते १० ग्रॅम ट्रायकोडर्मा घ्यावें. बीं थोडें असल्यास त्याच प्रमाणांत. ही उपकारक बुरशी रोगकारक बुरशीस खाऊन टाकते. तांदळाच्या थंड पेजेंत किंवा गुळाच्या पातळ पाण्यांत ती कालवून बियांस हलक्या हातानें चोळावी. पातळ थर पुरे. ओल फार झाल्यास बियांचे गोळे होतात. बीं सावलींत सुकवून त्याच दिवशीं पेरावें. उन्हांत ही जिवंत बुरशी मरते, आणि बुरशीनाशक लावलेल्या रंगीत बियांवरही तिचा निभाव लागणें कठीण.

तथापि लेप म्हणजे सर्व कांहीं नव्हे. वाफा गादीचा नसेल व पाणी सांचत असेल, तर कोणताही लेप रोपांस वांचविणार नाहीं.

आमची वाचकांस एवढीच विनंति कीं, यंदा एका वाफ्यांत लेपाचें व शेजारच्या वाफ्यांत बिनलेपाचें बीं पेरून दोहोंतील रोपें मोजावीं. आमच्या शब्दापेक्षां तो हिशेब अधिक विश्वासाचा ठरेल.