रोजा न ठेवणाऱ्या मुलीची सहेरी

पहाटेचे चार वाजलेले असतात. मोहल्ल्यात एकेक खिडकी उजळू लागते. गॅसवर चहा चढतो, तव्यावर पराठा पडतो, सहेरीला किती वेळ उरला ते मशिदीतून पुकारले जाते. रमजानमधले हे दृश्य गावोगावी सारखेच. अशाच एखाद्या घरात एकोणीस-वीस वर्षांची मुलगी दस्तरखानाजवळ येऊन बसते. अंगावर शाल, तरी हात गार. महिन्यापूर्वीच ती इस्पितळातून घरी आलेली असते. या वर्षी एकही रोजा ठेवायचा नाही, असे डॉक्टरांनी बजावलेले असते. तरी ती अम्मीला म्हणते, ‘‘सगळे ठेवतात. मी एकटीच दिवसभर खात बसू? निदान पहिला रोजा तरी ठेवू दे ना.’’

अम्मीचा हात थबकतो. मुलीची इबादतीची ओढ मोडायची कशी? आणि ही ओढ इबादतीचीच आहे, की तिला वर्षभर उपाशी ठेवणाऱ्या आजाराने आता रमजानचा आडोसा शोधला आहे?

या आजाराला वैद्यकात अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी हे नाव रूढ केले, त्याला आता दीडशे वर्षे झाली. १८७३ मध्ये पॅरिसच्या शार्ल लासेग यांनीही अशाच रुग्णांचे वर्णन लिहिले. ‘अ‍ॅनोरेक्सिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणे. पण हे नाव फसवे आहे. अशा रुग्णाला पुष्कळदा भूक लागते. ती दाबून टाकली जाते. वजन वाढण्याची भीती इतकी मोठी होते की समोरचा घास शत्रू वाटतो. आपल्याकडे काही मुली वजनाचे नावही काढत नाहीत. ‘पोट जड वाटते’, ‘जेवण जात नाही’ एवढेच सांगतात. मग घरचे वर्षभर पोटाच्या डॉक्टरांकडे फिरत राहतात. हा आजार मुलग्यांनाही होतो. त्यांच्याकडे लक्ष उशिरा जाते एवढेच.

इब्न सीनाचा रुग्ण

फारसीतल्या ‘चहार मकाला’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात निजामी अरूजी समरकंदी यांनी एक हकिकत सांगितली आहे. बुवैही घराण्यातल्या एका शहजाद्याला वेड लागले. आपण गाय आहोत, आपल्याला कापा, असे म्हणून तो हंबरायचा आणि अन्नाला शिवत नसे. हकिमांनी हात टेकले. शेवटी प्रकरण इब्न सीनाकडे आले. तो कसायाच्या वेशात सुरी घेऊन आला, रोग्याचे हातपाय बांधायला लावले, त्याच्या बरगड्या चाचपल्या आणि म्हणाला, ही गाय फार रोडावली आहे, आधी हिला चारा घाला, मग पाहू. शहजादा खुशीने खाऊ लागला. खाण्याबरोबर औषधेही पोटात जाऊ लागली आणि महिन्याभरात तो शुद्धीवर आला.

त्या शहजाद्याचा आजार अ‍ॅनोरेक्सिया नव्हता आणि आजच्या उपचारात अशा हिकमतीला जागाही नाही. पण त्या जुन्या हकिमाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. मन ताळ्यावर यायचे तर आधी शरीरात अन्न जायला हवे. उपाशी मेंदूला समजावणे कठीण. आजचे मानसोपचारतज्ज्ञही हाच क्रम सांगतात. बोलून मन मोकळे करणे महत्त्वाचे खरे, पण शरीर सावरल्याशिवाय त्या बोलण्याचा परिणाम टिकत नाही. या आजारात औषधाच्या गोळीची जागा ताटाने घेतलेली असते.

पहिले दिवस जपण्याचे

मात्र भुकेल्या शरीरासमोर एकदम भरलेले ताट ठेवणेही धोक्याचे. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेले कैदी पोटभर जेवल्यावर दगावल्याची उदाहरणे आहेत. त्याचे कारण पुढे उलगडले. दीर्घकाळ उपाशी असलेले शरीर आपलीच चरबी आणि स्नायू जाळून तग धरते. अन्न आले की इन्सुलिन वाढते आणि पेशी रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम भराभर ओढून घेतात. रक्तातले त्यांचे प्रमाण घसरले की हृदयाचे ठोके बिघडतात, श्वास अडखळतो, झटकेही येऊ शकतात. म्हणून फार खंगलेल्या रुग्णाचे खाणे इस्पितळात, रक्ताच्या तपासण्या करत वाढवतात. ब-१ जीवनसत्त्व आधीपासून देतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत ही काळजी सर्वांत जास्त. भीतीपोटी खाणे फार हळू वाढवले, तर तेही घातक. कारण तेवढ्या काळात शरीर झिजतच राहते. हा तोल डॉक्टर आणि आहारतज्ज्ञांनीच सांभाळायचा असतो. घरच्या अंदाजाने किंवा शेजारणीच्या सल्ल्याने तो सांभाळता येत नाही.

घरी आल्यावर लांबचा पल्ला सुरू होतो. साधारणपणे तीन जेवणे आणि दोन-तीन वेळा मधले खाणे, दर तीन तासांच्या आसपास. भूक लागण्याची वाट पाहायची नाही, कारण भुकेची घंटाच बिघडलेली असते. पोट रिकामे व्हायला वेळ लागतो, म्हणून दोन घासांत गच्च वाटते, गॅस होतो, दुखते. त्यावर कमी खाणे हा उपाय नाही. नेमाने खाल्ल्यानेच पोटाची सवय परत येते. सूप, काकडी आणि काळा चहा यांनी पोट भरते, अंग भरत नाही. थोडक्या घासांत जास्त बळ देणारे पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात मुबलक आहेत: खिचडीवर तूप, दुधातली लापशी, अंडी, पनीर, शेंगदाण्याची चटणी, तिळाचा लाडू, खजूर, बदाम. खजूर-दूध हे तर इफ्तारच्या दस्तरखानावरचे नेहमीचेच.

या काळात काही गोष्टी घाबरवतात. पायांवर सूज येते, रात्री घामाने उशी भिजते. चांगले खाऊनही काही दिवस वजनाचा काटा हलत नाही. सूज आली की डॉक्टरांना कळवायचेच. एरवी घाम आणि अडलेला काटा हे गार पडलेली भट्टी पुन्हा पेटल्याचे लक्षण असते. आलेली शक्ती शरीर आधी डागडुजीवर खर्च करते. हृदयाचे मंदावलेले ठोके सुधारतात, अंगावरची बारीक लव जाते, केस गळायचे थांबतात. बंद पडलेली पाळी परत यायला मात्र अनेकदा महिने लागतात. गोळ्या देऊन महिन्याच्या महिन्याला रक्तस्राव घडवला म्हणजे पाळी आली असे नव्हे आणि त्याने हाडांचे रक्षणही होत नाही. हाडांची मजबुती तरुण वयातच जमा होते. त्या वर्षांतली उपासमार हाडांना लागली की ती तूट पूर्ण भरून येईलच असे नाही. घरच्यांनी घाई कुठे करायची असेल तर ती उपचार सुरू करण्याची.

छत्तीस तरुण

शरीर सावरायला किती वेळ आणि किती अन्न लागते याचा सर्वांत सविस्तर अभ्यास अमेरिकेत झाला. १९४४ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुण निवडले. सद्सद्विवेकाला पटत नाही म्हणून युद्धात बंदूक धरायला नकार दिलेली ही माणसे. युरोपातल्या भुकेल्यांना पुन्हा कसे उभे करायचे हे कळावे म्हणून ती स्वेच्छेने उपाशी राहिली. सहा महिने त्यांना आधीच्या साधारण निम्मे अन्न मिळाले. वजन जवळजवळ एक चतुर्थांश घटले. ती थंडीने कुडकुडू लागली, चिडचिडी आणि एकलकोंडी झाली. घास चिवडत तासन्‌तास ताटावर बसू लागली. काहींनी स्वयंपाकाची पुस्तके जमवायला सुरुवात केली.

त्या तरुणांना जाड होण्याची भीती नव्हती. तरी त्यांची वागणूक अ‍ॅनोरेक्सियाच्या रुग्णासारखी झाली. मुलगी ‘हट्टी झाली’, ‘तुसडी झाली’, ‘सगळ्यांना करून घालते आणि स्वतः खात नाही’ असे आपण म्हणतो, त्यातले बरेचसे भूक बोलत असते, मुलगी नव्हे.

पुढचा धडा त्याहून मोलाचा. जेवण थोडेसे वाढवून ही माणसे सावरेनात. नीट भरून यायला काहींना दिवसाला ४,००० कॅलरींच्या आसपास अन्न लागले. वजन परतल्यावरही कित्येक महिने त्यांची भूक शमत नव्हती. म्हणून बरी होत असलेली मुलगी एखाद्या दिवशी खूप खाऊ लागली तर घरच्यांनी दचकू नये आणि तिला लाजवूही नये. वजन ठिकाणावर आले म्हणजे आजार गेला, असेही समजू नये. मन मागाहून चालत येते.

सवलत ही पळवाट नव्हे

आता पुन्हा त्या सहेरीच्या दस्तरखानावर येऊ. कुरआनच्या दुसऱ्या सूरहमध्ये जिथे रोजे फर्ज केल्याचे सांगितले आहे, तिथेच आजारी आणि मुसाफिर यांना सवलतही दिली आहे. आजाऱ्याने बरे झाल्यावर राहिलेले रोजे भरून काढावेत, त्याला कजा म्हणतात. ज्यांना ते कधीच शक्य नाही त्यांनी गरिबाला जेवू घालावे, तो फिदिया. सलग रोजे ठेवणाऱ्या अब्दुल्लाह इब्न अम्र या तरुण साथीदाराला खुद्द पैगंबर मुहम्मद (स.) यांनी रोखले होते आणि शरीराचाही माणसावर हक्क असतो, याची आठवण करून दिली होती. रोज्याने आजार बळावेल का, या प्रश्नात फुकहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांनी, भरवशाच्या वैद्याचे मत ग्राह्य धरले आहे. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी आणि मौलानांचा सल्ला या दोन परस्परविरोधी गोष्टी नाहीत. अडचण असेल तर ती चिठ्ठी घेऊनच मौलानांकडे जावे. कजा रोज्यांचीही घाई नको. शव्वाल लागला की लगेच मुलगी बरी झाली, असे होत नाही.

हा प्रश्न एकट्या मोहल्ल्याचा नाही. नवरात्रातले नऊ दिवस, श्रावणी सोमवार, पर्युषणातली तपश्चर्या या साऱ्यांत श्रद्धा खरी असते. तिच्याच पदराआड हा आजार लपू शकतो, कारण न जेवणाऱ्याचे त्या दिवसांत कौतुक होते. ओळखायची खूण साधी आहे. रोजेदार इफ्तारची वाट पाहतो. आजारी मुलीला इफ्तारची वेळ जवळ आली की धसका बसतो.

मग अशा मुलीने रमजान कसा पाळावा? वेळेवर खाणे हीच तिची या महिन्याची मेहनत आहे. रोजेदार भूक सोसतो, ती घास सोसते. शिवाय तिलावत आहे, दुआ आहे, शेजारच्या काकूंकडे इफ्तारीचे ताट पोहोचवणे आहे, धाकट्या भावाचा पहिला रोजा पार पाडायला मदत करणे आहे. स्वयंपाकघराचा ताबा मात्र तिच्याकडे देऊ नये. दुपारच्या जेवणाला तिला कोपऱ्यात एकटी बसवू नये. रोजा असला तरी घरातल्या एकाने तिच्याजवळ बसून इकडच्या तिकडच्या गप्पा माराव्यात. लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात १९८० च्या दशकात आकाराला आलेली उपचारपद्धती याच पायावर उभी आहे. तिथे काही काळ जेवणाची सूत्रे आईवडिलांनी हाती घ्यायची असतात. दोष कोणाला द्यायचा नाही, वाद घालायचा नाही, पण जेवण सोडूही द्यायचे नाही.

इफ्तारला आलेल्या पाहुण्यांनीही एक पथ्य पाळावे. ‘आता छान भरलीस हं!’ हे कौतुकाने म्हटलेले वाक्य तिला रात्रभर छळते. ‘किती वाळलीस’ हेही तसेच. तिच्या अंगावर बोलूच नये. ‘ये, माझ्याजवळ बस,’ एवढे पुरते.

चक्कर, छातीत धडधड, धाप, सूज, सतत उलट्या किंवा बोलण्यात भ्रम दिसला तर ईदपर्यंत थांबू नये, त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. कुठून सुरुवात करायची ते कळत नसेल तर केंद्र सरकारच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

त्या पहाटे अम्मीने काय करावे? पराठ्यावर तूप सोडावे, दुधाचा पेला भरावा आणि मुलीला सांगावे, ‘‘बेटा, आमच्याबरोबर सहेरी कर. सकाळी नाश्ता कर, दुपारी जेव. रोजा आम्ही ठेवतो, तू तब्येत ठेव.’’

पाच-सहा घासांना अर्धा तास लागेल. पेल्यात थोडे दूध उरेल, अम्मी तो पेला पुन्हा पुढे सरकवेल. बाहेर फज्रची अजान होईल, बाकीचे हात थांबतील. तिचा हात मात्र थांबू नये, एवढेच घरातल्या सगळ्यांनी पाहायचे. ईदच्या सकाळी शीरखुर्म्याची वाटी तिने दोन्ही हातांनी धरली आणि त्या हातांना थोडी ऊब आलेली असली, तर तो रमजान त्या घराला पावला असे समजावे.