जमावाचा धनी कोण?

मुंबई-अहमदाबाद राष्ट्रीय महामार्ग चारोटीच्या नाक्यावरून तलासरीमार्गे अच्छाडच्या सरहद्दीकडे ज्या मुलखातून जातो, त्या मुलखात वस्ती करणाऱ्या माणसाला ‘रस्ता रोको’ हा प्रकार वर्तमानपत्रांतून समजून घ्यावा लागत नाही. झाडावरून उतरवलेला चिकू थोड्याच दिवसांत पिकून मऊ पडतो, आणि घोलवडच्या वाडीतून परप्रांतीच्या बाजारपेठेसाठी निघालेली त्याची गाडी एक रात्र खोळंबली, तर वर्षभर खत-पाणी घालणाऱ्या बागाईतदाराच्या हाती आडत्याची कपात तेवढी उरते. मोठ्या इस्पितळासाठी आम्हांस वापी किंवा सिल्वासा गाठावी लागते, आणि ज्या कुटुंबाने अडलेल्या बाळंतिणीला घेऊन त्या वाटेवर दोन तास काढले असतील, त्याला लोकशाहीतील निषेधाच्या अधिकाराविषयी प्रवचन ऐकविण्याचा हक्क कोणासही नाही. एस.टी.ची काच फोडणारा हात आपल्याच पाड्यावर दिवसातून एकदा येणारी गाडी बंद पाडतो, हे मी कोणत्याही पक्षाच्या सभेत उभा राहून सांगेन.

तथापि डहाणू आणि तलासरी ह्या दोन तालुक्यांचा पाऊणशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास ज्याने मन लावून वाचला आहे, त्याला जमाव म्हणजे उपद्रव, एवढा सोपा निवाडा देता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर मुंबई सरकारने सिमिंग्टन ह्या सनदी अधिकाऱ्याकडून आदिवासी मुलखाची पाहणी करविली, आणि वेठीचा जो प्रकार येथील प्रत्येक वारल्याच्या पाठीवर लिहिलेला होता, तो त्या अहवालाने सरकारी दप्तरातही दाखल झाला. पण दप्तरात दाखल झालेले दुःख दप्तरातच राहिले. लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या थोडक्या कर्जापायी नवरा आणि त्याची नवी नवरी अशी दोघेही वर्षानुवर्षे त्याच्या घरी राबत. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. मामलेदाराच्या कचेरीत त्याची दाद लागणे संभवतच नव्हते, कारण कचेरीचा मुक्काम बहुधा त्याच सावकाराच्या ओटीवर पडे. मे १९४५मध्ये, टिटवाळ्याच्या किसान परिषदेनंतर काही महिन्यांनी, झरी गावी हजारो वारली एकत्र आले आणि किसान चळवळीचे नेते शामराव व गोदावरी परुळेकर ह्यांच्या साक्षीने त्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. त्या निर्धारापुढे लग्नगड्याची प्रथा ज्या वेगाने कोसळली, तो वेग कोणत्याही कायद्याला साधला नव्हता.

त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जे घडले, ते मला ह्या विषयाचे मर्म वाटते. गवतकापणीचा हंगाम होता. पाचशे पौंड गवतास अडीच रुपये मजुरी मिळावी, ही मागणी होती. गोदावरीबाईंची सभा आहे आणि त्यांच्या जिवाला धोका आहे, अशी खोटी हूल पाड्यापाड्यांतून उठविण्यात आली. हाती काठ्या घेऊन माणसे रात्रीतून धावून आली. आणि दुसरीकडे, सशस्त्र वारली चाल करून येत आहेत, अशी वर्दी पोलिसांना पोचविण्यात आली. गोळीबारात जेठ्या गांगड ह्यांच्यासह पाच जण पडले. ज्या बाई तेथे नव्हत्याच, त्यांच्या रक्षणासाठी लोक आले होते. दंगल म्हणून ज्याची नोंद होते, त्याच्या मुळाशी कित्येकदा कोणी तरी हेतुपुरस्सर पेरलेली अफवा असते, आणि ती पेरणारा गोळीच्या टप्प्यापासून दूर, सुखरूप असतो. त्यानंतर परुळेकर दांपत्यास हद्दपारीचा हुकूम झाला, जमावबंदी आली. तरीही १९४६च्या हंगामात जंगलकामास रोज सव्वा रुपया मिळावा म्हणून संप झाला. नेत्यांना बाहेर ठेवल्याने जमाव नाहीसा होत नाही, त्याला आवरणारे माणूस तेवढे नाहीसे होते, ही गोष्ट त्या काळच्या अंमलदारांना उमगली नाही; आजच्यांना उमगली आहे, असे म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

आता १६ एप्रिल २०२०ची रात्र पाहा. टाळेबंदीचे दिवस, दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगतचे गडचिंचले गाव, कासा पोलीस ठाण्याची हद्द. रात्री चोर येतात, मुले पळविणाऱ्यांच्या टोळ्या हिंडतात, ही आवई भ्रमणध्वनीवरून कित्येक दिवस पसरत होती. अंत्यविधीसाठी सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक ह्यांना जमावाने पोलिसांच्या डोळ्यांदेखत ठार मारले. त्या रात्रीने आमच्या तालुक्याच्या नावाला लागलेला डाग मी पुसू पाहत नाही. पण तलवाडा आणि गडचिंचले शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक भेद डोळ्यांत भरतो. अफवा दोन्हीकडे होती. तलवाड्याच्या माणसांपाशी मागणी होती, झेंडा होता, त्यांच्या वतीने उत्तर देणारी संघटना होती. गडचिंचल्याच्या जमावाला मागणी नव्हती, म्होरक्या नव्हता आणि दुसऱ्या दिवशी त्याची जबाबदारी घेणारेही कोणी नव्हते. निर्नायकी जमावाइतके भयंकर दुसरे काही नाही.

ह्याच्या अगदी उलट टोकास मार्च २०१८चा किसान मोर्चा आहे. ६ तारखेला नाशिकहून निघालेल्या त्या पदयात्रेत ठाणे-पालघरकडील आदिवासीही होते, आणि वनहक्क कायद्याखाली कसत्या जमिनीचा दाखला मिळावा ही त्यांची मुख्य मागणी होती. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ तारखेस मोर्चा मुंबईत पोचला. दुसऱ्या दिवशी शालान्त परीक्षेचा पेपर होता. मुलांची वाट अडू नये म्हणून, दिवसभर चाललेले ते हजारो लोक, कित्येकांचे तळवे सोललेले असताना, विश्रांती न घेता रात्रीच उठले आणि उजाडण्यापूर्वी आझाद मैदानात जाऊन बसले. मुंबईकरांनी त्यांना पाणी दिले, खाऊ दिला, वहाणा दिल्या. सरकारने लेखी आश्वासन दिले. गावाचे जीवन न विसकटता गावाला आपले दुःख पाहावयास लावणे शक्य आहे, ह्याचे ह्याहून थोर उदाहरण मला अलीकडच्या महाराष्ट्रात आढळत नाही.

मग रस्ता अडतो का? ज्या ठिकाणी ऐकून घेणारे पीठ असते, तेथे बहुधा अडत नाही. जून १९९१मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ साली प्राधिकरण नेमले गेले, आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी ह्यांनी २०१९च्या जानेवारीत निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्षपद सांभाळले. त्यांच्यापुढे बागाईतदार येत, मच्छीमार येत, कंपन्यांचे वकीलही येत. १९९८ साली ह्याच प्राधिकरणाने वाढवण येथील बंदरास मनाई केली. जुलै २०२३मध्ये, अध्यक्ष निराळे असताना, त्याच प्राधिकरणाने बंदरास ना-हरकत दिली. जून २०२४मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पास मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पायाभरणीही झाली. किनाऱ्यावरची माणसे रस्त्यावर उतरली ती ह्या क्रमात. निर्णय योग्य की अयोग्य, हा वाद बाजूस ठेवला तरी, ज्याचे जाळे जाणार आहे त्याला आपले म्हणणे कोणी ऐकले, असे वाटलेले नाही, एवढे मी ह्या किनाऱ्यावर राहून खात्रीने सांगू शकतो.

सार्वजनिक मालमत्तेच्या नासधुशीची भरपाई आंदोलनाच्या संयोजकांकडून वसूल करण्याची दिशा सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली दाखविली, आणि ती मला मान्य आहे. जमावाला धनी असलाच पाहिजे. ज्यांनी हाक दिली त्यांनी आपली नावे आधी द्यावीत, स्वयंसेवक उभे करावेत, रुग्णवाहिकेला वाट ठेवावी, आणि आपल्यापैकी कोणी दगड उचलला तर त्याचा हात स्वतः धरावा. पण दरखास्तीवर वर्षानुवर्षे उत्तर न देणाऱ्या अंमलदाराकडेही त्याच न्यायाने बोट गेले पाहिजे. म्हणून पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना व दोन्ही तहसीलदारांना माझी विनंती आहे: वनहक्काचा दावा असो की मासेमाराची हरकत, प्रत्येक अर्जावर मुदतीत, लेखी आणि सकारण उत्तर द्यावे, आणि अफवा उठली तर त्याच संध्याकाळी पाड्यावर जाऊन वारलीत तिचा खुलासा करणारा माणूस प्रत्येक ठाण्यात नेमावा.