आडकाठीचा न्याय

मराठीत ‘आडकाठी’ या शब्दाला चांगला अर्थ सहसा चिकटत नाही. अमक्याने कामात आडकाठी आणली, असे आपण तक्रारीच्या सुरातच म्हणतो. परंतु एक क्षेत्र असे आहे की, जेथे आडकाठी मुद्दाम आणली जाते, मोजून बसवली जाते आणि ती ओलांडणाऱ्याचा गौरव होतो. ते क्षेत्र म्हणजे उंच उडी. पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय उंच उडी स्पर्धेचा निकाल कसा ठरतो, हे प्रस्तुत लेखात विशद करावयाचे आहे. भाषेच्या अध्यापकाने या विषयाकडे का वळावे, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, या स्पर्धेच्या गुणपत्रकात अपयशाचा जो हिशेब ठेवतात, तो आम्हां शिक्षकांना आमच्या गुणपत्रकांत क्वचितच साधला.

प्रथम स्पर्धेची रचना पाहू. दोन खांबांवर सुमारे चार मीटर लांबीची काठी अशी टेकवलेली असते की, धक्का लागताच ती खाली यावी. स्पर्धकाने एकाच पायावर उसळी घेऊन ती ओलांडावयाची असते. प्रत्येक उंचीवर तीन संधी मिळतात. हवी तर एखादी उंची सोडून पुढच्या उंचीवर नशीब आजमावता येते. मात्र लागोपाठ तीन अपयशे पदरी पडली की, मग ती एकाच उंचीवरची असोत वा वेगवेगळ्या, स्पर्धकाची स्पर्धा संपते. गुणपत्रकावर यशस्वी उडीपुढे शून्यासारखे वर्तुळ काढतात आणि अपयशापुढे फुली मारतात. शून्य मिळाल्याचा आनंद व्हावा, अशी ही बहुधा एकमेव परीक्षा!

या रचनेतून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते. येथे काठी वर वर जात राहते आणि ती कोणासाठीही थांबत नाही. त्यामुळे विजेताही बहुधा तीन फुल्या घेऊनच मैदान सोडतो. बांबू उडीचा अपवाद वगळता, विजेत्याची अखेरही अपयशात व्हावी असा दुसरा मैदानी प्रकार सहसा आढळत नाही.

आता प्रश्न असा की, दोघांनी सारखीच उंची ओलांडली तर श्रेष्ठ कोण? नियम पुढीलप्रमाणे आहे. जी शेवटची उंची दोघांनी पार केली, तेथे ज्याची अपयशे कमी, तो वरचढ. तेथेही बरोबरी असेल, तर स्पर्धेच्या आरंभापासून त्या उंचीपर्यंतची सर्व अपयशे मोजावयाची. येथे ‘त्या उंचीपर्यंतची’ हे शब्द नीट लक्षात घेणे अगत्याचे आहे. त्यापुढच्या, न पेललेल्या उंचीवर मारलेल्या फुल्या या हिशेबात धरीत नाहीत. जे आपल्या आवाक्यात होते तेथे झालेली चूक मोजली जाते. आवाक्याबाहेर हात घातल्याचा दंड मात्र होत नाही.

या नियमाची कठोर बाजू १९८७ साली रोम येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत दिसली. स्वीडनचा पॅट्रिक शोबर्ग आणि सोव्हिएत संघाचे गेन्नादी आवदेयेन्को व इगोर पाकलिन या तिघांनीही २.३८ मीटर उंची ओलांडली. मोजपट्टीच्या दृष्टीने तिघे समान होते. परंतु अपयशांचा हिशेब झाला आणि सुवर्णपदक एकट्या शोबर्गच्या गळ्यात पडले. उरलेले दोघे रौप्यपदकाचे मानकरी ठरले. शिखर एकच, पण तेथवर कोण किती वेळा घसरला, हे पंचांच्या कागदाने लक्षात ठेवले होते.

त्याच नियमाची दुसरी बाजू टोकियो ऑलिंपिकमध्ये, १ ऑगस्ट २०२१ रोजी, जगाने पाहिली. कतारचा मुताझ बार्शिम आणि इटलीचा जिआनमार्को तांबेरी यांनी २.३७ मीटरपर्यंत एकही फुली लागू दिली नाही. बेलारूसचा माक्सिम नेदासेकाउ यानेही २.३७ मीटर पार केले. पण वाटेतील अपयशामुळे त्याला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. पुढे २.३९ मीटरवर बार्शिम आणि तांबेरी दोघेही तीन-तीनदा अपयशी ठरले. या सहा फुल्या हिशेबाबाहेरच्या होत्या. कागद चाळूनही दोघांत तिळमात्र भेद सापडेना.

अशा वेळी केवळ प्रथम स्थानासाठी निर्णायक उड्यांची तरतूद आहे. प्रत्येकाला एकेकच उडी मिळते. दोघे यशस्वी झाले तर काठी दोन सेंटीमीटर वर जाते, दोघे चुकले तर तितकीच खाली येते. मात्र स्पर्धकांनी पुढे उडी न घेण्याचे ठरवले, तर प्रथम स्थान दोघांत समान राहते. पंच निर्णायक उड्यांविषयी सांगू लागले, तोच दोन सुवर्णपदके देता येतील का, असे बार्शिमने विचारले. होकार मिळताच तांबेरीने त्याला मिठी मारली. हा केवळ भावनेचा उमाळा नव्हता. पायाच्या गंभीर दुखापतीमुळे तांबेरीचे २०१६ चे रिओ ऑलिंपिक हुकले होते. बार्शिमचा घोटा २०१८ मध्ये जायबंदी झाला होता. जी फुली गुणपत्रकावर उमटत नाही, ती दोघांनीही भोगली होती.

तथापि वाटून घेणे हेच एकमेव उदात्त वर्तन, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडचा हॅमिश केर आणि अमेरिकेचा शेल्बी मॅकएवन हे २.३६ मीटरवर सर्वार्थाने समान ठरले. त्यांनी निर्णायक उड्यांचा मार्ग पत्करला. थकलेली शरीरे साथ देईनात आणि काठी उतरत उतरत २.३४ मीटरवर आली. तेथे मॅकएवन चुकला, केरने ती ओलांडली आणि सुवर्णपदक जिंकले. टोकियोत दोघांनी वाटून घेतले, पॅरिसमध्ये दोघे झुंजले. नियमाने दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या.

उडीच्या तंत्राविषयीही थोडे सांगितले पाहिजे. आमच्या पिढीच्या शाळांत वाळूचा खड्डा असे आणि मुले कात्रीसारखे पाय फिरवून काठी ओलांडत व पायांवर उतरत. १९६८ साली मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या डिक फॉसबरीने काठीकडे पाठ करून, डोके पुढे टाकत २.२४ मीटर उंची पार केली आणि सुवर्णपदक मिळवले. वळणदार धाव घेतल्याने शरीराला गिरकी मिळते. पाठीची कमान झाल्याने डोके, पाठ, पाय असा एकेक भाग क्रमाने काठीवरून जातो. त्यामुळे शरीर काठीवरून गेले, तरी त्याचा गुरुत्वमध्य काठीच्या खालूनही जाऊ शकतो. पण ही पाठीवरची उडी वाळूत कोण घेणार? जाड, मऊ गादी आली, तेव्हाच ती निर्धास्तपणे घेता येऊ लागली. धाडसाआधी पडण्याची सोय झाली, हे आपण विसरतो.

ही गोष्ट मला २०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा आठवली. टोकियो येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत नाशिक जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबातला सर्वेश कुशारे उंच उडीची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय ठरला. अंतिम फेरीत त्याने २.२८ मीटर ही आपली तोवरची सर्वोत्तम उडी घेतली आणि सहावे स्थान मिळवले. सोव्हिएत संघाच्या व्हालेरी ब्रुमेलने १९६३ साली हीच उंची ओलांडून जागतिक विक्रम केला होता. कुशारेच्या आरंभीच्या सरावासाठी मक्याचा भुसा भरून गादी तयार केली होती, असे वाचनात आले. परदेशी गादी मिळेपर्यंत थांबू, असे कोणी म्हटले असते, तर ही उडी झालीच नसती.

शाळेच्या व्याख्यानपुस्तिकेत हा विषय मांडण्याचे प्रयोजन एवढेच. मुलाला जे येते तेथे त्याच्याकडून काटेकोरपणा जरूर मागावा. त्या फुल्या मोजाव्यात. पण वरची उंची आजमावताना त्याची काठी पडली, तर ती फुली त्याच्या नावावर कायमची लिहू नये. आणि काठी वर चढवण्यापूर्वी खाली गादी आहे ना, मग ती भुशाची का असेना, हे पाहणे आपल्या सर्वांचे, विशेषतः या शाळेतून बाहेर पडून स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यांचे, कर्तव्य आहे.